नोंद क्रमांक नऊबाबत पालकांचे पत्र

अमरावती,
गुरुवार, १३ फेब्रुवारी २०२५

सोमवार, दिनांक १० फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटे. भगवंता, ही वेळ आधी एका कागदावर लिहून घे आणि मग पुढे वाच. वर्गातलं घड्याळ बंद असतं, म्हणून वेळ मी माझ्या मनगटावर पाहिली, आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉलची मिनिटं मोजण्यात जिची निम्मी नोकरी गेली त्या बाईचं घड्याळ चुकत नसतं. त्या मिनिटाला तुझ्या मुलाने, म्हणजे प्राध्यापक प्रीतम भगवंत तायडे यांनी, चौतीस मुलांच्या देखत तुझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीला नक्कल करणारी ठरवलं.

आता रीतीप्रमाणे. धाकटे बंधू भगवंत यांस बाईचा सप्रेम जय भीम. मी बरी आहे, म्हणजे रागात आहे, आणि रागात असले की माझे गुडघे दुखत नाहीत हा माझा जुना अनुभव आहे. तुझी साखर किती आहे ते कळव (खरी कळव, आदल्या दिवशी उपाशी राहून काढलेली नको). माझ्या भावजयीचा, वच्छलाचा खोकला गेला का? तिला सांग, तिने पाठवलेलं लिंबाचं लोणचं प्रीतमनेच निम्मं संपवलं. अकोल्यात एव्हाना ऊन लागायला लागलं असेल, तेव्हा कूलरचं गवत यंदा तरी बदल. मागच्या मे महिन्यात मी आले होते तेव्हा तुझ्या कूलरमधून वारा कमी आणि ओल्या फडक्याचा वास जास्त येत होता, आणि तू पाहुण्यांना तो वाळ्याचा म्हणून सांगत होतास.

माझ्या कॉलेजबद्दल तू वच्छलाजवळ जे बोललास ते मला पोचलं आहे. 'बाईले आता बीए करून काय तहसीलदार होनं हाय काय?' नाही भगवंता, व्हायचं नाही. मॅट्रिकनंतर मला पुढे शिकायचं होतं तेव्हा घरात एकाच्याच फीची सोय होती आणि तो एक कोण होता हे तुला माहीत आहे. मी नोकरी धरली, तू डी.एड. झालास, मग मुख्याध्यापक झालास. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार असती तर एवढी वर्षं थांबले नसते.

प्रवेशाचा फॉर्म भरताना तुझं नाव कसं आलं ते मात्र तुला नीट कळलं पाहिजे, कारण आजच्या कामाचं मूळ तिथेच आहे. फॉर्म संगणकावर होता. त्यात 'पालकाचे नाव' असा रकाना, आणि तो भरल्याशिवाय संगणक पुढे जात नव्हता. मी बाबांचं नाव टाकलं, तर त्याने बाबांचा मोबाईल नंबर मागितला. (बाबा गेले तेव्हा आपल्या गल्लीत साधा फोनसुद्धा नव्हता, आणि मी स्वतः एक्स्चेंजमध्ये असून तो मिळवून देऊ शकले नाही.) ह्यांचं नाव टाकायचं तर हेही गेलेले. शेवटी माझ्यामागे रांगेत उभी असलेली मुलगी म्हणाली, भाऊ असन तं त्याचं टाका. अशा रीतीने ज्याचं नाक मी चार वर्षं माझ्या फ्रॉकला पुसलं, तो बासष्टाव्या वर्षी माझा पालक झाला. या हुद्द्याचं काम तुला आजवर पडलं नव्हतं. आता पडलं आहे.

ती रांगेतली मुलगी म्हणजे हर्षा. वलगावची आहे, घरी फुलांची शेती, रोज एसटीने येते आणि पिशवीतून कधी शेवंती तर कधी मेथीची जुडी माझ्या हातात ठेवते. ती मला मावशी म्हणते. बाकीची मुलं आधी मॅडम म्हणायची. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तेव्हा सगळा वर्ग उभा राहिला, दुसऱ्या दिवशी निम्मा राहिला, आणि तिसऱ्या दिवशी योगेश नावाचा एक मिसरूड फुटलेला मुलगा म्हणाला, 'आजी, सरका ना जरासं.' त्या दिवशी माझा खरा प्रवेश झाला असं मी धरते. तू आयुष्यभर वर्गाकडे फळ्याच्या बाजूने पाहिलंस, म्हणून तुला सांगते, उलट बाजूने वर्ग फार वेगळा दिसतो. बाक एकोणीस वर्षांच्या कमरेच्या मापाने केलेला आहे. पुढे बसलं तर मुलं आपल्याला सरांची हेर समजतात, मागे बसलं तर सरांची फक्त टाळू दिसते आणि आवाज पंख्यात जातो. प्रश्न विचारणं हे वाईट चालीचं लक्षण आहे, कारण मी प्रश्न विचारला की तास लांबतो आणि वलगावची गाडी सुटते. पुस्तक कोणीच विकत घेत नाही; मी घेतलं, तर ते वर्गभर असं फिरलं की परत आलं तेव्हा त्यात तीन जणांची बसची तिकिटं आणि एक मोरपीस होतं. आणि आपल्या घरी ज्या प्रीतमला मी पितू म्हणते, त्याला दारात उभं राहून 'मे आय कम इन, सर?' म्हणावं लागतं. सिस्टरांनी कॉन्व्हेंटमध्ये शिकवलेलं तेवढं एक वाक्य इतक्या वर्षांनी कामाला आलं. (केळं सुरीकाट्याने खायलाही शिकवलं होतं. ते चांदूर रेल्वेला बाबांच्या क्वार्टरात एकदा करून दाखवलं, तर तू काटा पळवून त्याने पाठ खाजवत बसला होतास.)

या सत्रात एक नवा विषय आहे आणि तो तुझा मुलगा शिकवतो. त्यासाठी प्रत्येकाने 'स्वानुभव नोंदवही' ठेवायची. रोज अर्धं पान, आज रोजच्या जगण्यातून मी काय शिकलो. हस्ताक्षरातच हवी, छापील चालणार नाही, वीस गुण. भगवंता, मला या वहीचा नाद लागला. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली आणि मध्ये एक शब्द बोलायची मला परवानगी नव्हती. आता रोज अर्धं पान माझं. मी एकूण चाळीस नोंदी केल्या. सासूबाई गेल्यावर पहिल्यांदा मनासारखी तिखट भाजी केली आणि ती घशाखाली उतरली नाही, ते लिहिलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पहिली पायरी चढताना मोठ्याने आकडे मोजले, ते लिहिलं. निवृत्तीच्या दिवशी हेडफोन काढून ठेवला तरी आठ दिवस कान गरम लागत होता, ते लिहिलं. तुझ्याबद्दलही लिहिलं. त्याकडे मी येतेच आहे, पान उलटू नकोस.

जानेवारी संपता संपता हर्षा म्हणाली, 'मावशी, तुमची वही एक दिवस द्या ना. मले काही सुचूनच नाही राहिलं. आमच्या घरी रोज फुलं तोडनं न् विकनं, त्यातून काय शिकू सांगा?' मी म्हटलं, बघ, पण उतरवू नकोस. तिने उतरवली नाही. तिने फक्त शांतपणे वाचता यावी म्हणून कॉलेजसमोरच्या गजेंद्रच्या दुकानातून तिची एक झेरॉक्स काढली. गजेंद्रचं दुकान म्हणजे खरं विद्यापीठ आहे. तिथे प्रत्येक विषयाचं तयार 'मॅटर' मिळतं, प्रकल्प, प्रात्यक्षिक, प्रस्तावना, आभारसुद्धा (आभारांत शिक्षकांच्या नावासाठी जागा कोरी). त्याने स्वतःसाठी एक जास्तीची प्रत काढली आणि दारावर पाटी लावली, 'स्वानुभव वही, फर्स्ट इयर, स्पायरल बाइंडिंगसह'. आठ दिवसांत वर्गातल्या चौतीसच्या चौतीस मुलांनी माझं आयुष्य विकत नेलं, आणि नियम हस्ताक्षराचा म्हणून बसून हाताने उतरवून काढलं! एवढं लिहिणं परीक्षेसाठी केलं असतं तर कॉलेजचा निकाल जिल्ह्यात पहिला लागला असता. खुद्द हर्षानेही तेच केलं, हे मला मागाहून कळलं.

वाचून उतरवलं असतं तरी मी समजून घेतलं असतं. पण वाचलं कोणी? कबड्डी खेळणाऱ्या रोहितच्या वहीत गुडघ्याचं ऑपरेशन जसंच्या तसं आहे. योगेशच्या वहीत लिहिलं आहे, 'सासूबाई गेल्यानंतर मी पहिल्यांदा माझ्या आवडीची भाजी केली.' एका हुशार पोराने तेवढं डोकं चालवलं आणि 'टेलिफोन एक्स्चेंज' खोडून सगळीकडे 'मोबाईल शॉपी' केलं. तो १९७९ साली मोबाईल शॉपीत कामाला लागला आणि २०१९ला तिथून निवृत्त झाला. आणि या सगळ्या वह्यांवर तुझ्या मुलाच्या लाल शाईत काय आहे? 'छान.' 'अनुभव प्रामाणिक वाटतात.' अठरा. सतरा. योगेशला एकोणीस, कारण त्याचं अक्षर वळणदार आहे.

माझी मूळ वही हर्षाने शेवटच्या दिवशी परत दिली, म्हणून ती गठ्ठ्यात सर्वांत खाली गेली. प्रीतमने प्रत्येक वहीचं पहिलं आणि शेवटचं पान पाहिलं (तुझाच मुलगा, तूही निबंध वजनावर तपासायचास), आणि तेच पहिलं वाक्य पस्तिसाव्यांदा दिसल्यावर त्याच्या लक्षात आलं की हे कुठेतरी वाचलं आहे. मग सोमवारी, अकरा चाळीसला, त्याने वही माझ्या हातात दिली. सात गुण. शेरा: 'मजकूर इतर विद्यार्थ्यांकडून घेतलेला. स्वतःचे अनुभव लिहावेत.' आणि वर तोंडाने, 'मोठ्यांनी तरी असं करू नये.' मी वही मिटून पिशवीत ठेवली. योगेशने मागून मला पाण्याची बाटली दिली. पोरगा वाईट नाही.

संध्याकाळी हाच माणूस नेहमीप्रमाणे माझ्याकडे जेवायला. मी ताटाशेजारी वही ठेवली. तो म्हणाला, 'आत्या, कॉलेजचं कॉलेजात. घरी काढलं तं लोक म्हनतीन आत्याले मार्क वाढवून देते.' हे बोलताना माझी तिसरी भाकर आणि माझाच ठेचा खात होता. मी म्हटलं ठीक, आणि चौथी भाकर कॉलेजच्या कँटीनमध्ये मिळेल असं सांगून तवा उतरवला. मंगळवारी त्याने गठ्ठा पुन्हा काढला आणि या वेळी मधली पानंही वाचली. सासूबाईंपाशी पोचला तेव्हा, हर्षा सांगते, सर वांग्यासारखे दिसत होते. मग तो धावत प्राचार्यांकडे गेला आणि ही वही माझ्या आत्याचीच असं सांगून बसला. प्राचार्य म्हणाले, तुम्ही भाचे, तुमची साक्ष कशी चालेल? सगळ्या पस्तीस जणांनी दुकानातून आणली नसेल कशावरून? गजेंद्रला विचारलं तर त्याने हात जोडले, 'सर, मूळ वही कोनाची ते मले याद नाही, मी अक्षर पाह्यतो, मानूस नाही.' तेव्हा बुधवारी नोटीस लागली: प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या वहीतील नोंद क्रमांक नऊ ही स्वतःच्या आयुष्यात खरोखर घडली असल्याबद्दल पालकांचे सहीनिशी पत्र गुरुवार, २० फेब्रुवारी, दुपारी बारापर्यंत आणावे, अन्यथा शून्य. नऊच का, ते प्राचार्यांना ठाऊक. सात किंवा बारा म्हणाले असते तर मी तुला हे पत्रच लिहिलं नसतं, कारण सातवी नोंद कूलरची आहे आणि बारावी गाडीवर खाल्लेल्या गिल्या वड्याची.

नववी नोंद तुझी आहे.

बुधवारी संध्याकाळी फोनवर मी एवढंच म्हटलं की दिवाळी १९७१, तर तू म्हणालास, 'बाई, काहून जुनं उकरून राहिली तू? त्याच्यापेक्षा दुसरं काहीबी लिवून देतो,' आणि तुझ्या दारात कोणीतरी आलं. तुझ्या दारात अशा वेळी नेहमी कोणीतरी येतं. म्हणून आता लेखी. मी दिवाळीच्या सुट्टीत कॉन्व्हेंटच्या होस्टेलवरून क्वार्टरात आले होते, तुझी शाळा अजून सुरू होती. तू तिसरीत होतास आणि सहामाहीत गणितात तुला शंभरपैकी नऊ होते. प्रगतिपुस्तकावर बाबांची सही हवी होती. बाबा रेल्वेत गँगमन, पण सही करायचे. रात्रशाळेत जाऊन शिकले होते, आणि दुधाच्या कार्डापासून लग्नाच्या पत्रिकेपर्यंत जिथे जागा दिसेल तिथे करायचे. पं. ना. तायडे, आणि शेवटच्या डेवरून एक लांब रेघ. ती रेघ तुला जमेना. तेव्हा तू माझी कॉन्व्हेंटची निळ्या शाईची दौत काढलीस आणि अंगठा उमटवायचं ठरवलंस. हाताचा अंगठा मोठ्या माणसाचा वाटेना म्हणून, भगवंता, तू उजव्या पायाचा उमटवलास. मी मोरीतून बाहेर येताना पाहिलं. तू एका पायावर उभा होतास.

हेडमास्तरांनी बाबांना बोलावून विचारलं, 'पंजाबराव, तुमी तं सही करता, मंग आंगठा काहून?' बाबा घरी आले. दौत माझी होती, म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तू त्या उकाड्यात दोन दिवस माझे पांढरे कॉन्व्हेंटचे मोजे घालून हिंडत होतास आणि घरात कोणालाही त्याचं नवल वाटलं नाही! तिसऱ्या दिवशी बाबा मला म्हणाले, 'बाई, सही शिकाले मले सात वर्सं लागली. तू एका मिनिटात मले पुन्हा आडानी केलं.' तेव्हा मी बोलले नाही, कारण त्यांनी तुला झोडपलं असतं आणि तू आधीच काडीसारखा होतास. नंतर बोलले नाही, कारण ते थकले होते. मग ते गेले, आणि तू मुख्याध्यापक झालास.

तोवरही मी सोडून दिलं असतं. पण तू दर सव्वीस जानेवारीला खुर्चीवरून उठून 'सहीचे मोल' या विषयावर बोलायला लागलास, आणि त्यात 'माझ्या सख्ख्या बहिणीने एकदा' असं येतं. प्रीतमने ते भाषण लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं आहे की काल तो मला म्हणाला, आत्या, नोंद तुमचीच आहे, पन बाबा तं उलटं सांगतात. त्याने ते इतक्या अदबीने म्हटलं की मला त्याला भाकर वाढावी लागली.

तेव्हा पालक या नात्याने तू एवढंच लिहायचं आहे: दिवाळी १९७१, चांदूर रेल्वे, प्रगतिपुस्तकावरील ठसा माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याचा होता, बहिणीचा त्यात संबंध नव्हता. 'बालवय', 'गैरसमज', 'काळाच्या ओघात' असले शब्द घालू नकोस. मी तुला बासष्ट वर्षं ओळखते. आणि लपवण्यात आता काही राहिलेलं नाही, कारण हीच हकिगत चौतीस निरनिराळ्या हस्ताक्षरांत कॉलेजच्या कपाटात आहे, आणि प्रत्येकीत तू प्रत्येकाचा धाकटा भाऊ आहेस. एकट्या योगेशच्या वहीत तू दीर आहेस. ते कसं झालं ते मला कळलेलं नाही.

वच्छलाला आशीर्वाद. पत्र तिच्यासमोर लिही.

तुझी बाई,
साधना वानखडे
(बी.ए. भाग एक, हजेरी क्रमांक ३५)

ता.क. १९ तारखेला शिवजयंतीची सुट्टी, पोस्ट बंद असेल. तेव्हा 'पोस्टाने उशीर केला' हे कारण मी आत्ताच फेटाळून ठेवते. एसटीने येणाऱ्या कोणाच्या हाती दिलंस तरी चालेल, फक्त पाकीट चिकटवलेलं असावं.

दुसरा ता.क., शुक्रवार, १४ फेब्रुवारी, दुपार. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून हे लिहिते आहे. आज सकाळी प्राचार्य स्वतः वर्गात आले, वह्या बंद करायला लावल्या आणि म्हणाले, नोंद नऊमध्ये काय आहे ते पाच ओळींत लिहा. चौतीस जणांनी पंख्याकडे पाहिलं. रोहितने लिहिलं, 'नोंद नऊमध्ये मी आईवडिलांचा आदर करायला शिकलो.' मग हर्षा रडायला लागली आणि तिने उभं राहून सगळं सांगितलं. त्या सर्वांना नवी वही लिहायची आहे, आणि हर्षाने मधल्या सुट्टीत पहिलं पान मला दाखवलं: पहाटेची शेवंती आणि दुपारची शेवंती तोडताना हाताला वेगळी लागते. मी तिला म्हटलं, हे कोणाला झेरॉक्सला देऊ नकोस. मला पंधरा गुण मिळाले. पाच प्रीतमने वही दुसऱ्याला दिल्याबद्दल कापले. बरोबर केलं. तुझा मुलगा चांगला मास्तर होईल, आणि त्यात तुझा वाटा मी तपासून पाहते आहे.

तिसरा ता.क. तेव्हा कॉलेजला पालकांचं पत्र आता नको आहे. नोटीस काढून टाकली. प्रीतमला मी पुढे काही बोललेले नाही आणि बोलणारही नाही. त्याच्यासाठी तू सव्वीस जानेवारीचा मुख्याध्यापक राहिलास तरी माझं काही जात नाही.

तरी पत्र पाठव. मला पाहिजे आहे. मजकूर वर सांगितला तोच, खाली पूर्ण सही. मुदतही तीच: गुरुवार, वीस तारीख, दुपारी बारा. बारा वाजून एक मिनिटाने आलं तर मी दार उघडणार नाही. (उघडेन. पण तू आला असशील आणि पत्र नसेल, तर जेवायला कँटीनमध्ये जायचं.)